समुद्राचें उष्णमान आणि शार्क माशांचें स्थलांतर

कोंकणांतून आलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस शार्क मासा कसा असतो हें सांगावें लागत नाहीं. मोरी किंवा मुशी या नांवांनीं तो त्यांच्या घरीं ताटांत येत असतो, आणि सुटींत आईनें मोरीचें कालवण केलें म्हणजे पुस्तक लवकर मिटतें, हें आम्हांस वसतिगृहांतील मुलांनींच सांगितलें आहे. देशावरील मुलांचें या विषयांतील ज्ञान मात्र बहुतेक चित्रपटांतून आलेलें. शार्क म्हणजे जबडा आणि जबडा म्हणजे मृत्यु, एवढेंच त्यांस ठाऊक. गेल्या वर्षीं भूगोलाच्या तासास सागरप्रवाहांचा धडा चालू असतां या दोन पक्षांत चांगलाच वाद झाला. एका विद्यार्थ्यानें कोठेंसें वाचलें होतें कीं, अमेरिकेच्या उत्तरेकडील ज्या किनाऱ्यांवर पूर्वीं शार्क क्वचित् दिसत, तेथें ते आतां वारंवार दिसूं लागले आहेत. त्यानें विचारलें, "सर, मग समुद्रांत शार्क फार वाढले म्हणावयाचे का?" त्यावर मागील बांकावरून दुसरा म्हणाला, "वाढले कसे? आमचे काका म्हणतात, पूर्वींसारखी मोरी आतां जाळ्यांत येत नाहीं."

दोघांचेंही म्हणणें एकाच वेळीं खरें असूं शकेल, असें आम्हीं सांगतांच वर्ग हंसला. तेवढ्यांत घंटा झाली व उत्तर अर्धेंच राहिलें. तें येथें पुरें करूं.

त्यासाठीं प्रथम एका विशिष्ट किनाऱ्यावर जाऊं. अमेरिकेच्या आग्नेय कोपऱ्यांत फ्लॉरिडा नांवाचें द्वीपकल्प आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यावरील पाम बीच जिल्ह्यापाशीं समुद्राची रचना मोठी विलक्षण आहे. पुष्कळ किनाऱ्यांजवळ जमीन पाण्याखालीं हळूहळू उतरत जाते व कित्येक मैल समुद्र उथळच राहतो. पाम बीचपाशीं ही समुद्रबूड जमीन म्हणजे केवळ एक अरुंद पट्टी आहे, आणि तिच्या पलीकडे लगेच गल्फ स्ट्रीम हा उष्ण पाण्याचा प्रचंड प्रवाह उत्तरेकडे वाहत असतो. नकाशांत आमचे विद्यार्थी जो तांबड्या बाणानें दाखवितात तोच हा. एका हातास वाळू, दुसऱ्या हातास ऊन पाण्याची नदी, आणि मध्यें एक चिंचोळा बोळ! या बोळांत दर हिंवाळ्यांत ब्लॅकटिप जातीच्या शार्कांच्या झुंडीच्या झुंडी येऊन राहतात.

ब्लॅकटिप म्हणजे काळ्या टोंकाचा. याच्या परांच्या टोंकांस शाई लागल्यासारखा काळा रंग असतो. पूर्ण वाढ झालेला मासा साधारणतः पांच-सहा फूट भरतो. लहान माशांच्या थव्यावर तो खालून चाल करतो व वेगाच्या भरांत पाण्याबाहेर उसळून स्वतःभोवतीं गिरक्या घेतो. गढूळ पाण्यांत पोहणाऱ्याचा हात अगर पाय मासा समजून तो कधीं कधीं चावतो, परंतु त्यानें माणसाचा जीव घेतल्याचें क्वचितच ऐकिवांत येतें. ही जात एकट्या अमेरिकेची नव्हे. जगांतील बहुतेक उष्ण समुद्रांत, आपल्या हिंदी महासागरांतसुद्धां, ती आढळते.

फ्लॉरिडा अटलांटिक विद्यापीठांतील प्राध्यापक स्टीफन काजिउरा यांनीं आपल्या सहकाऱ्यासह या झुंडींची मोजदाद करण्याचें मनावर घेतलें. समुद्रांतील मासे मोजणें म्हणजे आकाशांतील तारे मोजण्यासारखेंच, असें आपणांस वाटेल. परंतु पाणी स्वच्छ, तळ पांढऱ्या वाळूचा, आणि मासे किनाऱ्याला चिकटलेले. तेव्हां वरून पाहिल्यास प्रत्येक शार्क कागदावरच्या काळ्या रेघेसारखा वेगळा दिसतो. २०११ ते २०१४ या चार वर्षांत साधारण दर पंधरवड्यास एक लहान विमान बोका रॅटनच्या खाडीमुखापासून ज्युपिटरच्या खाडीमुखापर्यंत, म्हणजे सुमारें ७५ किलोमीटर, किनाऱ्याकिनाऱ्यानें उडे. खिडकींतून बाहेर बसविलेला कॅमेरा किनाऱ्यापासून २०० मीटर रुंदीच्या पट्ट्याचें चित्रण करी. मग घरीं येऊन तें चित्रण पुनःपुन्हां पाहावयाचें आणि एक एक शार्क मोजावयाचा. हें काम किती कंटाळवाणें असेल याची कल्पना, ज्यांनीं शाळेचे हजेरीपट जुळविले आहेत, त्यांनाच यावी.

या मोजणींत २०११ सालच्या हिंवाळ्यांत एका फेरींत १२,१२८ शार्क भरले. एखाद्या मोठ्या खेड्याची ही वस्ती झाली, आणि ती केवळ किनाऱ्यालगतच्या २०० मीटरांतील. दाटी पाहिली तर दर चौरस किलोमीटरास सुमारें ८०० शार्क. ज्या वाळूवर लोक ऊन खात बसले होते, तिच्यापासून धोंडा फेंकण्याच्या अंतरावर हें सर्व चाललें होतें, व बसलेल्यांपैकीं बहुतेकांस त्याची वार्ताही नव्हती. एप्रिल-मे महिन्यांत विमान पुन्हां गेलें तेव्हां शंभरांमागें जेमतेम एक शार्क उरला होता. बाकीचे उत्तरेस जॉर्जिया व कॅरोलिना प्रांतांच्या बाजूस निघून गेले होते. तेथें त्यांच्या माद्या उथळ उपसागरांत पिलें घालतात. पुढच्या जानेवारींत पुन्हां तीच झुंड पाम बीचपाशीं हजर.

या येण्याजाण्याच्या तारखांशेजारीं पाण्याचें उष्णमान मांडून पाहिलें तेव्हां एक गोष्ट स्पष्ट झाली. पाणी २५ अंश सेंटिग्रेडच्या खालीं असेल तेव्हांच शार्क मोठ्या संख्येनें आढळत. पारा त्याच्या वर चढला कीं झुंड विरळ होई. पुढील कांहीं हिंवाळ्यांत पाणी अधिक उबदार राहिलें, आणि आलेल्या शार्कांची संख्याही घटलेली दिसली.

उष्णमानाचा माशाशीं एवढा संबंध कां असावा? बाहेर थंडी असो वा ऊन असो, आपलें शरीर आंतून सुमारें ३७ अंशच राहतें. त्यासाठीं आपण खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग केवळ ऊब राखण्यांत खर्च होतो. बहुतेक माशांस ही चैन परवडत नाहीं. पाणी जितकें ऊन तितकेंच त्यांचें अंग ऊन. याचें मुख्य कारण त्यांच्या कल्ल्यांत आहे. कल्ल्यांत रक्त आणि पाणी यांच्यामध्यें अत्यंत पातळ पडदा असतो. त्यांतून प्राणवायु आंत येतो खरा, परंतु त्याच वाटेनें अंगांतील ऊब बाहेर निघून जाते. माशाला श्वास घ्यावयाचा तर गारही व्हावें लागतें. दोन्ही क्रिया एकाच दारानें होतात.

हवाई बेटांजवळ हातोडीसारख्या डोक्याचा एक शार्क राहतो. त्याविषयीं २०२३ सालीं जें संशोधन प्रसिद्ध झालें तें वाचून आम्हांस मोठें नवल वाटलें. हा मासा रात्रीं भक्ष्यासाठीं ८०० मीटरांहूनही खोल बुडी मारतो. वर पाणी सुमारें २६ अंश, खालीं अवघें ५ अंशांच्या आसपास. तरी बुडीच्या बहुतेक काळांत त्याच्या अंगाचें उष्णमान जवळजवळ होतें तसेंच राहिलें. संशोधकांनीं असें अनुमान केलें कीं, बुडी मारतांना तो तोंड व कल्ले मिटून घेत असावा. ज्याचें सारें आयुष्य पाण्यांत, तो मासा उबेसाठीं श्वास कोंडून धरतो!

अंगाचें उष्णमान वाढलें कीं शरीरांतील रासायनिक क्रिया भराभर होऊं लागतात. १० अंशांची वाढ झाली तर त्यांचा वेग साधारणतः दुप्पट ते तिप्पट होतो. मासा चपळ होतो, अन्न लवकर पचतें, भूकही लवकर लागते, आणि प्राणवायु अधिक लागतो. परंतु नेमक्या त्याच वेळीं पाण्यांतील प्राणवायु कमी होत असतो. चुलीवर ठेवलेलें आधण पाहावें. पाणी उकळण्याच्या बऱ्याच आधीं भांड्याच्या तळाशीं बारीक बुडबुडे धरतात. ती वाफ नव्हे. पाण्यांत विरघळलेली हवा ऊन होतांच बाहेर पडत असते. गोड्या पाण्यांत शून्य अंशास दर लिटरीं सुमारें साडेचौदा मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, ३० अंशांस तो साडेसातच मावतो, आणि खाऱ्या पाण्यांत त्याहूनही कमी. खर्च वाढावा आणि त्याच महिन्यांत आवक घटावी, अशी ही स्थिति आहे. ती काय असते हें पालकांस निराळें सांगावयास नको. उलट पाणी फार थंड झालें तर स्नायु मंदावतात, पचन लांबतें व भक्ष्य निसटून जातें. म्हणून प्रत्येक जातीस सोसेल असा उष्णमानाचा एक पट्टा असतो, आणि ऋतूंबरोबर तो पट्टा समुद्रांत दक्षिणोत्तर सरकतो, तसा मासाही सरकतो.

एवढें वाचून कोणी म्हणेल कीं, झालें, कोडें सुटलें. उष्णमापक पाहावा आणि शार्क कोठें आहेत तें सांगावें. आम्ही विद्यार्थ्यांस येथें जरा थांबवितों. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. हिंवाळ्यांत पाणी थंड होतें, त्याच वेळीं दिवसही लहान होतो, आणि शार्क ज्यांवर उपजीविका करतात ते लहान मासेही दक्षिणेकडे येतात. मग शार्क ऊब शोधीत आला, कीं भक्ष्यामागें आला, कीं दिवस लहान झाल्याची खूण ओळखून निघाला? बहुधा या सर्वांचाच त्यांत वांटा असतो, व भक्ष्य तरी तेथें कां आलें असें विचारीत गेल्यास पुन्हां बरेचसें उष्णमानापाशींच येऊन पोंचावें लागतें. शत्रूचें भयही आहेच. याच किनाऱ्यावर ब्लॅकटिपचा पाठलाग हातोडी-डोक्याचा मोठा शार्क करतो, आणि जेमतेम पोटापर्यंतच्या पाण्यांत शिरून ब्लॅकटिप निसटतो, असें वरून घेतलेल्या चित्रांत तीन प्रसंगीं दिसून आलें आहे. तेव्हां किनाऱ्याला चिकटून राहण्यांत ऊब-थंडीशिवाय जिवाचाही प्रश्न आहे. तसेंच २५ अंश ही कांहीं मृत्यूची रेषा नव्हे. हीच जात याहून उष्ण पाण्यांतही जगते. जेथें निवड करण्यास वाव आहे तेथें मासा अधिक सोयीचें पाणी निवडतो, एवढाच तिचा अर्थ.

उष्णमान थोडें बदललें तर किती फरक पडतो, हें टायगर शार्कानें फार चांगलें दाखविलें आहे. अंगावर वाघासारखे पट्टे असलेला हा मोठा शार्क अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यानें उन्हाळ्यांत उत्तरेस जातो व हिंवाळ्यांत दक्षिणेस परततो. मायामी विद्यापीठांतील संशोधकांनीं नऊ वर्षें उपग्रहांच्या साह्यानें त्याचा माग ठेवला, व जवळजवळ चाळीस वर्षांत मच्छीमारांनीं व शास्त्रज्ञांनीं खुणेच्या पट्ट्या लावून सोडलेल्या शार्कांच्या नोंदींशीं तो ताडून पाहिला. २०२२ सालीं निघालेला त्यांचा निष्कर्ष असा : पाणी नेहमींच्या सरासरीपेक्षां एक अंशानें अधिक ऊन झालें तर या शार्कांची उत्तरेकडील धांव सुमारें ४०० किलोमीटरांनीं लांबते, आणि ते ईशान्य किनाऱ्यापाशीं सुमारें १४ दिवस आधीं पोंचतात. एक अंश! आपण तो अंगाला ओळखतही नाहीं. ताप मोजतांना मात्र तेवढ्यासाठीं आई रात्रभर उशाशीं बसते.

ऑस्ट्रेलियांत सिडनी शहरापाशीं बुल शार्क उन्हाळा काढतात व पाणी सुमारें १९ अंशांच्या खालीं जाऊं लागलें कीं उत्तरेकडील ऊन समुद्राकडे निघतात. हा दक्षिण गोलार्ध असल्यामुळें त्यांचा उत्तर हा आपल्या दक्षिणेसारखा, हें नकाशा पाहतांना लक्षांत ठेवावें. २००९ पासून पुढील पंधरा वर्षांच्या नोंदींवरून असें दिसलें कीं, ते आतां पूर्वींपेक्षां सरासरी १५ दिवस अधिक तेथें मुक्काम करतात. तेवढे दिवस पोहणाऱ्या लोकांनाही अधिक सावध राहावें लागतें.

तिसरें उदाहरण कॅलिफोर्नियाचें, व तें जरा दुःखाचें आहे. पांढरा शार्क, ज्यानें चित्रपटांत एवढी कीर्ति मिळविली तो, सर्वस्वीं थंड अंगाचा नाहीं. त्याच्या शरीरांत उलटसुलट वाहणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांचें एक जाळें असतें. कल्ल्यांकडे निघालेलें ऊन रक्त तेथून येणाऱ्या थंड रक्तास वाटेंतच आपली ऊब देऊन टाकतें, म्हणून ती बाहेर फुकट जात नाहीं. परंतु पिलूं लहान असतां ही युक्ति पुरी पडत नाहीं. वाटींतील दूध तपेल्यांतील दुधाच्या आधीं निवतें, त्याचेंच हें उदाहरण. अंग जितकें लहान तितकी त्याच्या मानानें ऊब गमावणारी त्वचा अधिक. म्हणून पांढऱ्या शार्काचीं पिलें दक्षिण कॅलिफोर्नियाच्या ऊन पाण्यांत राहत असत. २०१४ ते २०१६ या काळांत उत्तर पॅसिफिक महासागरांत उष्णतेची मोठी लाट आली. तेव्हांपासून तीं पिलें उत्तरेस माँटेरे उपसागरांत दिसूं लागलीं. त्या उपसागरांत पाणमांजरांची एक समुद्री जात राहते. एकेकाळीं केंसाळ कातड्यासाठीं मारून मारून ती जवळजवळ नाहींशी झाली होती. शार्क पाणमांजरास खात नाहीं. तो एकदां चावून पाहतो व सोडून देतो. परंतु तो एक चावाच त्या लहान जिवास पुरतो. शार्कांचीं पिलें आलीं तशीं चाव्यानें मेलेलीं पाणमांजरें किनाऱ्यास अधिक लागूं लागलीं. कोणी कोणाचें वैर केलें नाहीं. पाणी ऊन झालें, शेजारी बदलला, आणि भलत्याच प्राण्यानें त्याची किंमत दिली.

थंडीचाही तडाखा बसतो, व तोही याच बदलाच्या पोटीं येतो, हें दक्षिण आफ्रिकेनें दाखविलें. कांहीं किनाऱ्यांवर वारे व प्रवाह यांच्यामुळें पृष्ठभागाचें पाणी बाहेर ढकललें जातें आणि खोलांतील गार पाणी वर येतें. वारे व प्रवाह बदलले कीं कांहीं जागीं हें गार पाणी अधिक जोरानें व अधिक वेळां वर येऊं लागतें. मार्च २०२१ मध्यें दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर असें गार पाणी एकाएकीं वर आलें, व त्यानंतर निदान ८१ जातींचे २६० प्राणी मरून किनाऱ्यास लागले. त्यांत बुल शार्क व मँटा जातीचे प्रचंड मासेही होते. ऊन पाण्याच्या मागें मागें आलेला प्रवासी परतीच्या वाटेवर असा मध्येंच गांठला जातो.

आणि ज्याला प्रवासच करतां येत नाहीं त्याचें काय? ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभागांत एपॉलेट नांवाचा लहानसा शार्क अंडीं घालतो. अंडें जेथें घातलें तेथेंच राहणार. प्रयोगशाळेंत २७ अंश पाण्यांतील अंड्यांतून सुमारें १२५ दिवसांनीं पिलूं बाहेर आलें. ३१ अंशांत सुमारें १०० दिवसांतच आलें. लवकर आलें म्हणून कोणी संतोष मानूं नये. तें अशक्त होतें, आणि बाहेर येतांच त्याला भूक लागली होती, कारण बरोबर आणलेली शिदोरी आंतच संपली होती.

आतां वर्गांतील दोघां विद्यार्थ्यांच्या वादाकडे वळूं. एखाद्या किनाऱ्यावर शार्क अधिक दिसणें व समुद्रांत शार्क अधिक असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शाळेची सुटी झाली कीं स्टेशनावर गर्दी होते; तेवढ्यावरून गांवाची लोकसंख्या वाढली असें कोणी म्हणत नाहीं. खुल्या महासागरांत फिरणारे शार्क व त्यांचे भाऊबंद जे पाकट मासे, यांची संख्या १९७० पासून २०१८ पर्यंत शेंकडा ७१ नें घटली, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत आढळलें. त्याचें मुख्य कारण उष्णमान नव्हे, तर मासेमारी. शार्काची मादी पुष्कळ जातींत बऱ्याच वर्षांनीं वयांत येते व थोडींच पिलें देते, म्हणून जाळ्यानें काढलेली तूट भरून निघण्यास फार काळ लागतो. तेव्हां उत्तरेकडील किनाऱ्यावर ज्याला पांच शार्क नव्यानें दिसले त्याचें दिसणें खरें, आणि ज्याचें जाळें रिकामें आलें त्याचें सांगणेंही खरें. चूक होते ती पहिल्यानें आपल्या पांचांवरून साऱ्या समुद्राचा हिशेब मांडला म्हणजे. शार्क फार झाले, आतां ते मारले पाहिजेत, असें जेव्हां कोणी म्हणूं लागतें, तेव्हां हाच चुकीचा हिशेब त्याच्या मनांत असतो.

दुसरीही एक अडचण आहे. मासेमारीपासून रक्षण व्हावें म्हणून सरकारें समुद्राचे कांहीं भाग राखून ठेवतात. हे राखीव भाग नकाशावर रेघा ओढून ठरविलेले असतात. टायगर शार्कांच्या ज्या अभ्यासाचा उल्लेख वर आला त्यांतच असें दिसलें कीं, पाणी ऊन असलेल्या वर्षांत हे शार्क राखीव भागांच्या बाहेर अधिक जातात, म्हणजे गळाच्या व जाळ्याच्या तोंडीं अधिक येतात. पाणी सरकलें, मासा सरकला, रेघ मात्र होती तेथेंच राहिली.

मे महिन्याच्या सुटींत मागील बांकावरच्या त्या विद्यार्थ्यानें हें सर्व घरीं जाऊन काकांस सांगितलें. काका लहानपणापासून समुद्रावर जाणारे. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाले, "तुझ्या सरांना विचार. त्या देशांतली मोरी वर वर जात असेल, पण आपली मोरी वर जाऊन कुठवर जाईल? वर गुजरात, मग कराची, आणि पुढें जमीनच लागते."

शाळेंत परत आल्यावर त्यानें हा प्रश्न वर्गांत मांडला, तेव्हां आम्हीं फळ्यावर दोन समुद्र काढले. अटलांटिक उत्तरेस उघडा आहे. फ्लॉरिडापासून निघालेला मासा किनाऱ्याकिनाऱ्यानें थंड पाण्यापर्यंत हजारों किलोमीटर जाऊं शकतो. अरबी समुद्र उत्तरेस सुमारें २५ अक्षांशापाशीं संपतो. वर आशिया खंड उभें आहे. मग वर जातां येत नाहीं तर खालीं, खोल गार पाण्यांत, जावें, असें एकानें सुचविलें. परंतु अरबी समुद्राच्या पोटांत साधारण दीडशें मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत पाण्याचा एक असा थर आहे कीं त्यांत प्राणवायु अत्यंत थोडा. जगांतील अशा थरांत तो मोठ्यांपैकीं एक आहे. वर ऊन पाणी, खालीं श्वास न पुरणारें पाणी, उत्तरेस जमीन. मुलांनीं ती आकृति आपापल्या वह्यांत उतरून घेतली, आणि काकांस दाखविण्यासाठीं एक प्रत निराळ्या कागदावर काढून दिली.